मुद्दाम केलेली चूक

वर्गात पाऊल टाकलं की सरांचे पहिले शब्द 'लिहून घ्या'. म्हणून शाळाभर त्यांचं नाव लिहून-घ्या सर. पदार्थविज्ञान त्यांनी आयुष्यभर असंच शिकवलं. पोरांच्या डोक्यात आधीपासून काय बसलंय, हे बघायची तसदी कधी घेतली नाही. वरून ओतत राहिले.

आता मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि सरांचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. पण तपासणीला येणाऱ्या बाईंची अट होती, नव्या पद्धतीचा तास दाखवा. पोरांनी आपल्या समजुती बोलून दाखवायच्या, करून बघायचं, भांडायचं, आणि चुकलेलं आपणच सुधारायचं. मास्तरांनी गप्प बसायचं.

"तुम्ही आणि गप्प?" बायको म्हणाली. "घरात मला एक वाक्य पुरं करू देत नाही."

"तू थांब गं. सगळी तयारी झालीय."

झाली होतीच. बाकं गोल लावली होती. निम्म्या पोरांची पाठ फळ्याकडे आली, माना अवघडल्या. मग सरांनी चर्चा लिहून दिली. "लिहून घ्या. पहिल्या गटाने म्हणायचं, जड वस्तू आधी पडते. मी कुलूप आणि खडू एकदम सोडणार. मग दुसऱ्या गटाने म्हणायचं, अरेच्चा! एका सुरात आलं पाहिजे." चुकीची समजूतसुद्धा घोकून घेणारा मास्तर विरळाच.

बाई आल्या. कुलूप पडलं, खडू पडला, अरेच्चा आलं. बाईंनी खाली पडलेला खडू उचलला, वर उडवला, झेलला. "हातातून सुटून वर जाताना याच्यावर जोर कुठल्या दिशेने?"

पोरं वह्या चाळू लागली. "बाई, हे लिहून दिलेलं नाही," एक जण बोलून गेला.

सर घाईने पुढे सरसावले. "सोपं आहे. वर! हाताचा जोर. तो संपला की खडू खाली येतो."

दुसऱ्या गटातली एक मुलगी उठली. तिच्या वाट्याला फक्त अरेच्चा आलं होतं. "पण सर, हात तर खालीच राहिला. मग जोर लावतंय कोण?"

"हात काय टपालाने जोर पाठवतो?" कोणीतरी ओरडलं, आणि वर्ग पेटला. खडू उडू लागले. एक सरांच्या टकलावर बसला.

"जोर वर ढकलत असता तर खडू मंदावला का असता?"

"सुटल्यापासूनच मंदावतोय बघ! ओढ खालीच आहे. पृथ्वीची. वर जाताना पण, येताना पण!"

सरांना मध्ये तोंड घालायला फटच सापडेना. बाई खूष. "मुद्दाम चुकलात ना, सर? काय युक्ती!"

सरांच्या डोळ्यांपुढे खुर्ची उभी राहिली. त्यांनी मान डोलावली. "अनुभव, बाई."

खुर्ची मिळाली. शिवाय मुख्याध्यापक झाल्यावर सरांचे तास बंद झाले. पोरांचं भलं झालं.

घरी सरांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. बायकोने टोपलीतलं लिंबू वर उडवून झेललं. "मग सांगा, वर जाताना जोर कुठे?"

"वर," सर म्हणाले.

"आणि वर्गात ठरलं ते?"

"तो गोंधळ होता गं. त्या पोरांना कोणीतरी नीट लिहून द्यायला हवं."