कप्तानांना रडवणारा बेक

माझ्या मामेसासऱ्यांनी जगातल्या एकूण एक कप्तानाला रडवलं आहे, आणि तेही मारूनझोडून नव्हे, जेवू घालून. ग्रीक कप्तान रडले, जपानी रडले, एक रशियन तर म्हणे इतका रडला की दुसऱ्या दिवशी बोटीच्या तळाशी चार बोटं पाणी सापडलं आणि ते पंप लावून उपसावं लागलं. हे सगळं मला खुद्द मामांनीच सांगितलेलं असल्यामुळे शंकेला जागा नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मालवणपासून रिक्षाने वीस मिनिटांवर, खाडीच्या काठाला त्यांचं घर आहे. मिसरूड फुटायच्या वयात ते मालवाहू बोटीवर चढले आणि केस पांढरे झाल्यावर उतरले. उतरले असं आपलं आपण म्हणायचं. देह घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसलेला दिसतो, पण बाकीचे मामा अजून सिंगापूरच्या अलीकडेच कुठेतरी आहेत.

घरी आलेल्या माणसाने बाथरूम कुठे म्हणून विचारलं तर मामा सांगतात, "सरळ जावा, मगे स्टारबोर्डाक वळा." स्टारबोर्ड म्हणजे बोटीची उजवी बाजू हे ठाऊक नसलेला एक विम्याचा एजंट असा वळला तो अर्ध्या तासाने गोठ्यात सापडला, आणि त्याने विम्याचा विषय पुन्हा काढला नाही. बोटीवरच्या दारांना गुडघाभर उंच उंबरठे असतात म्हणून मामा आजही प्रत्येक दारातून जाताना पाय ढोपरापर्यंत उचलतात, दाराला उंबरठा असो वा नसो. मालवणातल्या एका बँकेच्या काचेच्या दारातून ते असे आत शिरले, तर त्यांच्या मागच्या तिघांनी, इथे काहीतरी ओलांडायचं असतं असं समजून, तसाच पाय उचलला. जेवताना ताट घसरू नये म्हणून त्यांना ताटाखाली ओलं फडकं लागतं. खारेपाटणला एका लग्नात त्यांनी स्वतःच्या केळीच्या पानाखाली ओला रुमाल पसरला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या आजोबांना म्हणाले, "तुमी पण घाला. कधी लाट येयत, सांगूक येना नाय." आजोबांनी घातला. वयस्कर माणसं समुद्राशी वाद घालत नाहीत.

आणि बटाटा. बटाटा सोलण्यात मामांचा हात धरणारा माणूस दोन्ही किनाऱ्यांवर नसेल. तुमच्याकडे बघत, तुमच्याशी बोलत, तुमची चेष्टा करत ते बटाटा सोलतात, आणि साल अखंड, करदोट्यासारखी लांब खाली उतरते. माझ्या मेव्हणीच्या लग्नात मुहूर्ताला पाऊण तास होता, मामा कुठेच सापडेनात. शोधाशोध झाली. शेवटी ते आचाऱ्यांच्या मांडवात दोन पोती बटाटे सोलून संपवून, रिकामी पोती घडी घालताना सापडले. मंगलाष्टकांना ते उभे राहिले ते हातात सुरी घेऊनच, आणि त्या लग्नात भटजींनी एकही कडवं लांबवलं नाही.

पण हे सगळं किरकोळ. मामांची खरी कीर्ती म्हणजे त्यांचा बेक. बेक म्हणजे काय, तर भल्यामोठ्या ट्रेमध्ये खाली मटण, त्यावर बटाट्याच्या चकत्या, त्यावर दूध-मैद्याचा पांढरा सॉस, वर चीज, आणि हे सगळं भट्टीत ढकलून भाजायचं. हा बेक खाऊन कप्तान रडत. मी जावई म्हणून नवा होतो तेव्हा कप्तानाने नुसता दुसऱ्यांदा वाढून घेतला होता. दोन वर्षांनी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे त्याने भर समुद्रात बोट उलटी फिरवली, का तर मागच्या बंदरात बटाटे चांगले मिळतात. आणि अलीकडच्या आवृत्तीत त्याने मामांना आपली एकुलती एक मुलगी देऊ केली होती.

"मगे केल्यात कित्या नाय तिच्याशी लगीन?" मामी वडे तळता तळता म्हणाल्या. "माझो तरी जीव सुटलो असतो."

मामी म्हणजे मामांच्या निम्म्या, पण आवाज दोघांचा मिळून असावा तेवढा. त्यांच्या स्वयंपाकघरात मामांना चहा गरम करायचीही परवानगी नव्हती. जगभरच्या कप्तानांना रडवलेला हा माणूस घरात पाणी मागायला उभा राहायचा तोही दाराच्या बाहेर, एक पाय वर उचलून. तर एका रविवारी कोंबडी-वडे होते, आम्ही सगळे घरचे पंगतीला होतो, आणि मामा तिसरा वडा फोडत म्हणाले, "वायट नाय. पण बोटीवरचो बेक तो बेक." हे वाक्य त्या घराच्या भिंतींनाही पाठ होतं. पण त्या दिवशी मामींनी झारा खाली ठेवला.

"येत्या आयतवारी करून दाखवा तो बेक," त्या शांतपणे म्हणाल्या. "जमलो तर दर आयतवारी चूल तुमची. नाय जमलो, तर ह्या घरात परत बोटीचा नाव काढूचा नाय."

मामांनी ताट डाव्या हाताने घट्ट धरलं. "काढूचा नाय म्हणजे, अजिबातच?"

"अजिबात."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतरांना पेन्शन असते, गुडघे असतात, शेजाऱ्याशी हद्दीचं भांडण असतं. मामांकडून बोट काढून घेतली तर मागे काय उरणार होतं? एक बनियन आणि एक सुरी. ते "बरा" म्हणाले आणि पुढचा आठवडा कुणाशी काही बोलले नाहीत. ही गोष्ट इतकी विलक्षण होती की वाडीतल्या दोघातिघांनी मामींकडे तब्येतीची चौकशी केली.

रविवारी आम्ही बांद्याहून सकाळीच पोचलो, तर खळ्यात किल्ला उभा. कुंपण बांधून उरलेले जांभ्याचे चिरे रचून मामांनी भट्टी बांधली होती, वर पत्रा, पत्र्यावर नारळाच्या सोडणांचे आणि करवंट्यांचे निखारे, खालीही निखारे. ट्रे एवढा मोठा की त्यात एखादं तान्हं बाळ ऐसपैस झोपलं असतं. मटण चिरलेलं, बटाटे अर्थातच सोललेले, आणि मामा डोक्याला पांढरं फडकं बांधून दूध आटवत होते. मामी पडवीच्या पायरीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"नारळ खंय आसा हेच्यात?" त्यांनी विचारलं.

"बेकाक नारळ नसता."

"मटणाक नारळ नसता?"

"नसता."

मामांनी मटणावर दूध ओतलं तेव्हा मामींनी मान फिरवून खाडीकडे पाहिलं. दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या म्हातारीने डोकं वर काढलं, ट्रेकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "गो, तुमच्याकडे कोण आजारी आसा काय?"

ट्रे आत गेला आणि, खोटं कशाला सांगू, एक वाजता असा वास सुटला की मी खरोखर कप्तान असतो तर तिथेच रडलो असतो. मी पत्रा काडीने किंचित वर करून आत डोकावलो. चीज सोन्यासारखं पिवळं होऊन बुडबुडत होतं, कडांना लालसर छटा आली होती. मला वाटलं, जिंकले. दर रविवारची चूल मिळाली, बोट वाचली.

"मामानू, झालो. काढा."

"जावयबापू, तुमी बांद्याचे. तुमका बोटीचा काय कळता? अजून रंग येवक होयो."

दोन वाजले. पोरांना बिस्किटं वाटून झाली, मोठ्यांनी पोरांची चोरून खाल्ली. मी पुन्हा डोकावलो. "मामानू, रंग इलो आणि आता परत चल्लो."

"अजून."

अडीचला धूर सुरू झाला. तीनला तो धूर खाडी ओलांडून पलीकडच्या गावात गेला, आणि तिकडून कुणीतरी फोन करून कोणाचा शेतातला मांगर पेटला म्हणून विचारलं. शेजारची म्हातारी कळशी घेऊन गडग्यापाशी येऊन उभी राहिली. मामा मात्र भट्टीसमोर उकिडवे बसून, डोळे मिटून नुसता वास घेत होते, आणि एखादं ओळखीचं माणूस वळणावर दिसावं तसा त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता. साडेतीनला ते उठले, "आता झालो," म्हणाले, आणि ट्रे बाहेर काढला.

ट्रेमध्ये डांबरी रस्ता होता. थर वगैरे काही नाही. मटण कुठलं, बटाटा कुठला, हे ओळखायला मुंबईहून तज्ज्ञ बोलवावे लागले असते. मामांनी उलथनं घातलं, ते वाकलं. मग सुरी आणि वरवंटा घेऊन त्यांनी कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक काळा तुकडा वाढला. पडल्यावर ताट वाजलं. मी तुकडा दाढेखाली धरला आणि वाट बघितली, त्याच्यात आणि दाढेत आधी कोण माघार घेतं ते. कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं, कारण मामा आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आशेने बघत होते.

"कसो झालो?" त्यांनी विचारलं.

"ह्या जळला," मामी म्हणाल्या.

"जळला?" मामांना खरंच कळलं नाही. "बेक असोच असता गो."

"कप्तान ह्या खायचो?"

मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ग्रीक येणार, रशियन येणार, पंप येणार. पण त्यांनी डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं.

"कप्तान काय खायचो ता माका खंय ठावक?" ते म्हणाले. "मी कुक नाय होतंय गो. बटाटे सोलायचंय. तेंची जेवणा झाली की ट्रे घासूक माझ्याकडे येयत. कोपऱ्याक जा चिकटलेला असायचा, ता सुरयेन खरवडून खायचंय. थंयच, मोरयेकडे उभो ऱ्हवान. वरचो रंग मी कधी बघूक नाय. पण त्या खरवडीसारख्या बरा माका मगे कधी काय लागला नाय." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन घाईघाईने म्हणाले, "तुझा जेवाण सोडून."

मामा फडक्याची घडी घालायला लागले, उलगडायला लागले, पुन्हा घालायला लागले. "तुझ्या बापाशीक कुक म्हणान सांगितलंय," ते फडक्यालाच म्हणाले. "मगे ता तसाच ऱ्हवला."

"माझ्या बापाशीन चौकशी केल्ल्यान," मामी म्हणाल्या. "बटाटे सोलता ह्या कळल्यारच होय म्हटल्यान. कुक दुसऱ्याच्या चुलीत नाक घालता, सोलणारो गप ऱ्हवता, म्हणालो. थंय तेवढो फसलो."

मामांच्या हातातलं फडकं खाली पडलं. म्हणजे सगळे ग्रीक, सगळे जपानी, बोट उलटी फिरवणारा तो शहाणा, हे सगळे मामींनी पहिल्या दिवसापासून ठाऊक असून ऐकून घेतले होते, वडे तळता तळता. मामींनी ताटातला तुकडा उचलला, दाढेखाली घातला आणि चावायला लागल्या. कडकड आवाज येत होता. आम्ही निकालाला बसल्यासारखे बसलो होतो. पुष्कळ वेळाने त्यांनी घास गिळला.

"मीठ बरा पडला," त्या म्हणाल्या. मामींच्या तोंडून दुसऱ्याच्या हातच्या पदार्थाबद्दल आलेलं हे मी ऐकलेलं एकमेव चांगलं वाक्य. "बेक काय जमूक नाय. म्हणान आजपासून कप्तानाचा नाव काढूचा नाय. चाळीस वर्सां कप्तान ऐकलंय. तुमी खंय होतास, ता कधी सांगूक नाय."

"मी?" मामा म्हणाले. "मी मोरयेकडे."

"मगे थंयना काय दिसायचा?"

कप्तानाशिवाय गोष्ट सांगायची त्यांना सवयच नव्हती. आमच्यापैकी कुणीतरी पुढे सरकून बसलं. तेवढ्यात बायको माझ्या कानाशी लागली: मामींनी पहाटे उठून भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून मटण करून ठेवलंय, मागच्या पडवीत, केळीच्या पानाखाली झाकून; घावन्यांचं पीठही तयार आहे. माझ्या पोटात कावळ्यांनी सभा भरवली.

"मोरयेच्या वर एक खिडकी होती," मामा हळूहळू म्हणाले. "गोल. ताटाएवढी. बंदराक लागलो की बाकीचे खाली उतरत. माझे ट्रे ऱ्हवलेले असत. त्या खिडकीतना दिवे दिसत. गाव खंयचा, ता माका कोण सांगी नाय. मी आपलो घासत घासत एकेक दिवो बघायचंय, आणि म्हणायचंय, ह्या घरात आता जेवत असतीत."

आवाज चढला नव्हता, हातवारे नव्हते, कुणी रडत नव्हतं. मामींनी ट्रेच्या कोपऱ्यातून आणखी एक तुकडा सुरीने सोडवला, अर्धा मोडून मामांच्या हातावर ठेवला, आणि म्हणाल्या, "मगे?"

मामा सांगत राहिले. साडेचार वाजले, ऊन माडांच्या बुंध्याशी उतरलं. मामी काही उठल्या नाहीत, म्हणून मग आम्हीही कुणी उठलो नाही.