सुमेधचा फोन मी घेतला होता

ईशान, मीरा,

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझी लेक असून तुमच्या आईलाही नाही. आता का सांगते आहे? — नीट माहीत नाही.

गार्गीमावशीची गाणी तुम्ही तिकडे मित्रांना ऐकवता. बँडने तिला टाकलं आणि ती एकटी उभी राहिली, ही गोष्टही तुम्हाला पाठ आहे. ती गोष्ट खोटी आहे. मावशीला ते ठाऊक नाही.

चौघांचा बँड होता. कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत सराव चाले. गार्गी शब्द लिहायची, सुमेध चाल लावायचा. तो नागपूरचा. चहा झाला की स्वतःचा कप विसळून ठेवायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला आडनाव विचारलं. ऐकून काय केलं? हसले, बिस्किटं पुढे केली. पण नंतर ती दोघं एका वहीत डोकं घालून बसली, की मला लग्नपत्रिका दिसायची — आणि तिच्यावरचं ते आडनाव. मी शिकलेली बाई. शाळेत मुलांकडून समतेवर इंग्रजी निबंध लिहून घेणारी.

मग गार्गीचा आवाज बसला. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं, कुजबुजायचंही नाही. घरात तेव्हा एकच फोन; तिचे फोन मी घ्यायचे. ती कागदावर लिहायची, मी बोलायचे.

चौथ्या दिवशी सुमेधचा फोन आला.

"काकू, रेकॉर्डिंग पुढे ढकललंय. तिला म्हणावं, सावकाश बरी हो. ती नसेल तर आम्ही काय, डबे वाजवणार?"

एरवी मी त्याला अरे-तुरे करायचे. त्या दिवशी म्हणाले, "तिला तुमच्याबरोबर गायचं नाहीये. सांगायला संकोचते आहे. आपण कृपया पुन्हा फोन करू नये."

तो एवढंच म्हणाला, "बरं, काकू."

गार्गीने कागद पुढे केला : काय म्हणाला?

मी सांगितलं, "त्यांनी दुसरी मुलगी बघितली आहे. थांबता येणार नाही म्हणे."

तिने पेनाला टोपण लावलं. ती मानी आहे, उलट विचारायला जाणार नाही, हे मला माहीत होतं. त्यावरच तर मी विसंबले होते. मग मी कुकर लावला. वाईट वाटलं का? आठवत नाही. बहुधा नाही.

उरलेल्या दिवसांत तिने एकटीने गाणी लिहिली. तुम्हाला आवडतं ते गाणं — न थांबलेल्या मित्राचं — त्यातलंच.

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेत तिचा कार्यक्रम झाला. ते गाणं शेवटी म्हटलं. परतताना रिक्षात ती म्हणाली, "आई, तेव्हा त्याने काहीच विचारलं नव्हतं का गं? बरी आहे का, एवढंसुद्धा?"

मी म्हटलं, "नाही."