पंचविसांतली एक जागा

भटजी माणसांत धरायचा की नाही, हे मला त्या एप्रिलमध्ये कोणीही नीट सांगू शकलं नाही. पोलीस चौकीत फोन केला तर म्हणाले, धरायचा. वॉर्ड ऑफिसात केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, जीआर वाचा." जीआर मी तीनदा वाचला होता. लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढंच त्यात होतं. भटजी, फोटोग्राफर, हॉलचा वॉचमन यांचं काय करायचं, त्यावर चकार शब्द नव्हता. माझ्या होणाऱ्या विहीणबाई गिरगावच्या, शांत आणि शुद्ध बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या ओळखीत परवाच एक लग्न झालं, त्यांनी भटजींना धरलं नव्हतं." म्हणजे त्यांच्या ओळखीतल्या लग्नात भटजी माणूस नव्हता आणि माझ्या मुलीच्या लग्नात होता. माझं डोकं भणभणून गेलं.

आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. दादरच्या एका पतपेढीत तीस वर्षं काउंटरवर बसून मी नुकतीच रिटायर झाले होते, त्यामुळे नियम वाचायची आणि लोकांना ऐकवायची सवय अंगातच होती. मुलीचं लग्न एकदा पुढे ढकलून झालं होतं. आता साथ ओसरली म्हणून पुन्हा तारीख धरली, आणि नेमकी ती परत उसळली.

माझी मोठी चूक त्याआधीच झाली होती. होळी झाल्या झाल्या मी चाळीत अक्षत फिरवली होती. आमच्या कोकणातल्या माणसांत नुसती पत्रिका देऊन भागत नाही. कुंकवात रंगवलेले तांदूळ दारात जाऊन हातावर ठेवायचे, सगळ्यांनी यायचं असं तोंडाने म्हणायचं, मग ते आमंत्रण. तेव्हाही पन्नासाचा नियम होताच. मी म्हटलं, पन्नास हॉलमध्ये, बाकीचे चाळीच्या पटांगणात जेवतील, कोण येतंय मोजायला! चाळीस खोल्यांत अक्षत दिली. पहिली दिली ती आमच्या शेजारच्या खोलीत, मोठी आईला.

ती नात्याने आमची कोणी नाही. मी कामावर जायची तेव्हा चार महिन्यांची माझी मुलगी तिच्या मांडीवर असायची, ती शाळेत जाईपर्यंत. मुलीला बोलता आलं तेव्हा मी आई झाले आणि ती मोठी आई. मी तिला मावशी म्हणते. नवरा गिरणीत होता, तो गेला त्याला खूप वर्षं झाली. मुलगा विरारला. आणि तेव्हा लोकलमध्ये साध्या माणसाला चढू देत नव्हते, त्यामुळे विरार आणि दुबई सारखंच.

मग पंचविसाचा हुकूम आला. मुलाकडच्यांनी तेरा माणसं घेतली, आम्हाला बारा दिली. दिलेली अक्षत परत कशी घ्यायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कोणी घेतलीच नव्हती. मी मास्क लावून दारोदार गेले आणि हात जोडले. माझ्या वेड्या समजुतीने लोक म्हणणार होते, असू दे गं, तुझा काय दोष. एकानेही तसं म्हटलं नाही. समोरच्या खोलीतले भाऊ मॉलमध्ये सिक्युरिटीला होते, मॉल बंद, ते महिन्यापासून घरी. ते म्हणाले, "वहिनी, इलेक्शनच्या सभेला लाख माणूस चालतो, आणि आमी चाळीस घरं तुमाला जड झालो?" मी म्हटलं, नियम मी केला का? "मग पाळताय कशाला?" खालच्या मजल्यावरच्या एकीने तर दारातूनच विचारलं, "अक्षत परत पायजे काय? देवापाशी ठेवलीय, आणते." मी पुन्हा हात जोडले आणि जिना चढून वर आले.

रागवायला खरं तर सगळ्यांनाच जागा हवी होती. भाजीवाला नियमाप्रमाणे सकाळी अकराला दुकान बंद करायचा आणि पावणेअकराला तिथे अख्ख्या दिवसाची गर्दी व्हायची. मग हवालदार येऊन गर्दीवर ओरडायचा. मासळी मिळत होती, पण केस कापायला न्हावी नव्हता. दारूची बाटली घरपोच येत होती, मुलांच्या वह्या येत नव्हत्या. मुलीचे ब्लाऊज शिंप्याच्या बंद दुकानात अडकले होते. ते त्याने अर्धं शटर उचलून, चोरीचा माल द्यावा तसे माझ्या पिशवीत कोंबले. रोज संध्याकाळी आकडे वाढलेले असायचे आणि रोज सकाळी नवा नियम. आज जे केलं म्हणून दंड झाला, ते काल चालत होतं. आपण नक्की कोणावर चिडायचं, हेच कळेना. मग जो हाताशी सापडेल त्याच्यावर चिडायचं, मीही तेच केलं.

मी कोणावर चिडले, तेही सांगते. ताप लपवणाऱ्यांवर. आमच्याकडे संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. एक आजारी पडला तर सगळा मजला आजारी. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने चार दिवस क्रोसिन खाऊन ताप दडवला, तेव्हा मी कठड्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "स्वतःच्या मजेसाठी दुसऱ्याचा जीव घेतात, हे लोक खुनी आहेत." खुनी हा शब्द मी वापरला. मोठी आई तेव्हा तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती.

बारा जणांची यादी करायला बसलो. आम्ही नवराबायको, मुलगी, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, नणंद आणि तिचे यजमान, मुलीचा मामा म्हणजे माझा भाऊ. दहा झाले. भटजीला आमच्यात धरला, अकरा. उरली एक जागा. त्या जागेवर हक्क होता मुलीच्या मामीचा, माझ्या भावजयीचा. मुलगी म्हणाली, "मोठी आई नसेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही." ती धमकी देत नव्हती, सांगत होती. मी मोठी आईचं नाव लिहिलं. भावजय घरी आली, आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "शेजारणीला जागा आहे आणि सख्ख्या मामीला नाही. बरं आहे." आमच्या भिंती कसल्या, पलीकडे भांडं पडलं तरी कळतं. पलीकडे सगळं ऐकू गेलं असणार.

लग्नाला पाच दिवस होते तेव्हा मोठी आईने दार लावून घेतलं.

आमच्या मजल्यावर दिवसा दार लागत नाही. मी कडी वाजवली. आतून आवाज आला, "गुडघो धरलो माझो. माका येवक जमाचा नाय. तुझ्या भावजयीक घेवन जा." मी म्हटलं, टॅक्सीने नेऊ, उचलून नेऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर म्हणाली, पोराने फोनवर शपथ घातली, गर्दीत जाऊ नको म्हणून. काल गुडघा, आज शपथ. मला वाटलं, समजलं सगळं. भावजयीचं बोलणं लागलं हिला, रुसली आहे. मी जेवणाचा डबा न्यायचे, ती म्हणायची, उंबऱ्यावर ठेव. टीव्ही मोठ्याने लावलेला असायचा, दुपारच्या मालिका, जुन्याच, पुन्हा दाखवलेल्या. भिंतीवर हात आपटून मी दोनदा सांगितलं की आवाज कमी करा.

मुलगी हळदीच्या दिवशी तिच्या दाराशी जाऊन बसली. तोंडाला हळद, बंद दाराला टेकून. "मोठी आई, नुसतं दार उघड. मी लांबून बघते." आतून नुसता टीव्ही ऐकू येत होता. मग मला राहवलं नाही. मी त्या दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "मावशी, रुसायला हाच दिवस सापडला तुम्हाला? पोरीला वाढवलं म्हणून सगळ्यांना सांगायचात ना? ही माया तुमची?" एवढं बोलून मी मुलीला हाताला धरून उठवलं. आतला टीव्ही बंद झाला होता. मला वाटलं, बरी चपराक बसली.

लग्न झालं. दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये, खुर्च्या लांब लांब, मधल्या खुर्च्यांवर फुल्या मारलेल्या. भावजय आली, नटून आली. पोलिसातला एक माणूस दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. भटजी मास्कमधून मंगलाष्टकं म्हणत होते, त्यातलं निम्मं मुलीपर्यंत पोचत नव्हतं. अंतरपाट धरला तेव्हाही मुलगी हॉलच्या दाराकडे बघत होती. मी तिला कोपराने ढोसलं. एक तास पन्नास मिनिटांत सगळं आटपलं आणि ती गिरगावला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी आईचं दार उघडं होतं आणि ती खोलीत नव्हती. तोंडाला पदर गुंडाळून, भिंतीला धरत ती एकटी जिना उतरली होती आणि महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिली होती. संध्याकाळी पीपीई घातलेली माणसं आली. मजला सील झाला, जिन्याच्या तोंडाला बांबू आडवे बांधले. ती पॉझिटिव्ह होती. तिला सेंटरला नेलं. दवाखान्यात तिने सरळ सांगितलं होतं, सहा दिवस ताप आहे. ते तिथून चाळीत आलं, आणि मजल्यावर एकच गिल्ला झाला.

सहा दिवस. मी बोटं मोजली. दार लागलं त्याच्या आदल्या रात्रीपासून. आणि तो टीव्ही खोकला ऐकू जाऊ नये म्हणून होता, हे मला आत्ता कळत होतं. संडासला ती पहाटे चारला जायची, कोणी उठायच्या आधी. पण समोरच्या भाऊंची मॉलच्या ड्युटीची सवय सुटली नव्हती, तेही चारलाच उठायचे. तीन दिवसांनी भाऊंना ताप आला. मग ऑक्सिजन. त्यांची बायको हॉस्पिटलात बेड मिळवण्यासाठी फोनवर किती जणांच्या पाया पडली, ते आम्ही सगळ्यांनी कठड्यावरून ऐकलं. ते वाचले. अजून जिना चढताना मधे थांबतात. त्यांना तिच्यामुळे झाला की भाजीच्या गर्दीत, की औषधाच्या रांगेत, ते कोणी सांगू शकत नाही. मजल्याने मात्र ठरवून टाकलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण असल्या वेळी बोलणारी मीच. मी घरात जाऊन दार लोटून घेतलं.

मला तिचा राग यायला हवा होता. येतही होता. मग भाऊंच्या घरात अंधार दिसला की जास्त यायचा, आणि मग मुलीचा गिरगावहून फोन आला, तिचा हसरा आवाज ऐकला, की कुठे जायचा कळायचं नाही. मुलीला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती अजून मोठी आईवर रुसलेली होती आणि मी तिला रुसू देत होते.

सोळा दिवसांनी मोठी आई परत आली. निम्मी झाली होती. मजल्यावरचं कोणी बोललं नाही तिच्याशी. मी पेज घेऊन गेले, या वेळी उंबरा ओलांडून आत. तिने दोन घोट घेतले. मी विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केला असतंस?" ती म्हणाली. "टेस केली असती तर मजलो बंद. पोरगी आतच अडाकली असती. आधीच एकदा मोडला लगीन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुका सांगितला असता, तर तू लगीन थांबवला असतस. होय मा गो? तू नेमाची बाई."

"हो," मी म्हटलं. "थांबवलं असतं."

ती मान हलवून पुन्हा पेज पिऊ लागली. तिने हे खरं मानलं, की मला तसं म्हणू दिलं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. मुलीला मी त्याच संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं, फक्त हा प्रश्न आणि माझं उत्तर सोडून. कारण मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मी तिला म्हटलं असतं, मावशी, पाच दिवस दार लावून गप्प पडून राहा, कोणाला कळू देऊ नका.