क्रांतीच्या पायांवरचा नवस

कडेगावच्या कालव्याच्या रस्त्यानं पहाटे कुणी पळताना दिसलं, की माणसं दोनच गोष्टी समजतात. एकतर पोरगं भरतीची तयारी करतंय, नाहीतर कुत्रं मागं लागलंय. त्यामुळं नवी सून क्रांती हळदीच्या अंगानं ट्रॅकपँट घालून त्या रस्त्याला लागली, तेव्हा शेजारच्या चंद्राबाईनं डोक्यावरचा वैरणीचा भारा खाली टाकला आणि बोंब ठोकली, "अगं पोरी, कुणाला काय झालं गं? गाडी काढायला सांगू का?"

"काय न्हाई झालं, मावशी. पळतीया नुसती."

"नुसती?" चंद्राबाईला ते काही पटलं नाही. कामाशिवाय पळणारी बाई तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती.

क्रांतीचं माहेर माधवनगरचं. शाळेत असल्यापासून पळायची, साताऱ्याची डोंगरावरची शर्यत दोनदा पुरी केलेली. सांगलीच्या मैदानावर ती सराव करायची, तिथंच सैन्यभरतीसाठी वीरधवल यायचा. तिची एक खोड होती. मनगटाला काही बांधलं की तिला कसंनुसं व्हायचं, म्हणून ती घड्याळ घालत नसे. मग वीरधवल कडेला उभा राहून ओरडून तिची वेळ सांगायचा. आणि खरी सांगायचा, हे महत्त्वाचं. पोरीला खूश करायला दुसरा कुणी असता तर चार सेकंद इकडचे तिकडं केले असते. हा बाबा तोंडावर म्हणायचा, "आज म्हशीवानी पळालीस." ती चिडायची, रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच विचारायची. त्या एका गुणावर तिनं लग्न केलं, नाहीतर माधवनगरात चांगली चांगली स्थळं चालून आली होती.

लग्नानंतर वीरधवल सरहद्दीवर गेला, ती कडेगावच्या शाळेत खेळ शिकवायला लागली. दिवस गेले. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, जुळी आहेत. क्रांतीनं पहिला प्रश्न विचारला तो पळण्याचाच. डॉक्टरीणबाई हसल्या. "सवय आहे ना? मग हळू पळ. पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, इतकंच. पोट आवळलं, रक्त दिसलं, तर तिथंच थांबायचं आणि मला फोन करायचा. पोट वाढलं की नुसतं चाल."

मग काय, क्रांती पोटावर हात ठेवून कालव्याच्या कडेनं हळूहळू पळायची आणि पोटातल्या दोघांशी बडबडायची. गप्पा मारता येतात की नाही हे बघायला दुसरं होतं तरी कोण! गावानं मात्र तोंडाचा पट्टा सोडला. सासू शालूबाई कुणाला काही बोलली नाही, पण सून परत येईपर्यंत उंबऱ्यावरून हलायची नाही. तिलाही एके काळी जुळं झालं होतं. त्यातला एकच हाताला लागला, तो वीरधवल. ही गोष्ट त्या घरात कुणी काढत नसे.

सहावा महिना लागला आणि एका संध्याकाळी वीरधवलचा फोन आला. आवाज जड होता. "क्रांती, डॉक्टरीणबाईंचा फोन आलता मला. त्यांच्याकडं माझाच नंबर हाय ना. एका बाळाची वाढ कमी दिसतीया म्हणाल्या. पळण्याचा धक्का बसतोय. आता पडून ऱ्हायचं, एकदम."

क्रांतीचा हात पोटावर गेला. "मला का न्हाई केला फोन?"

"तू घाबरशील म्हणून. माझं ऐक."

तिनं ऐकलं, डॉक्टरीणबाईंना उलटून विचारलंसुद्धा नाही. वेळ सांगणारा तोच होता की! बूट पोत्यात घालून माळ्यावर टाकले आणि तिनं अंथरूण धरलं. भिंतीकडं तोंड करून पडायची आणि पोटावर हात ठेवून माफी मागायची. दोघांतलं कुठलं लहान, हेसुद्धा तिला कळत नव्हतं, म्हणून एकदा डावीकडं हात ठेवायची, एकदा उजवीकडं. आपल्या हौसेपायी आपण आपल्याच लेकराला मारत होतो, हा विचार तिला खात राहिला. पाय सुजले, भूक मेली. शालूबाई मुकाट्यानं तेल लावून पाय चोळून द्यायची. "दोघांचं ओझं हाय, जड व्हनारच," म्हणायची.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला वीरधवल रजा काढून आला. हिरवी साडी, फुलांच्या माळा, दारात झोपाळा, आळीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. "आगं हिला एकच काय उघडायला लावताय, दोन्ही उघड म्हणावं!" चंद्राबाई म्हणाली आणि बाया खदखदून हसल्या. क्रांतीही पुष्कळ दिवसांनी हसली.

ओटी भरताना शालूबाईचा ऊर भरून आला. सगळ्यांच्या देखत तिनं सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "लय गुणाची हाय बघा माझी सून. मी मरीआईला नवस बोलले, बाळंत होईस्तवर सून पळायची न्हाई. वीरूला म्हणलं, तूच सांग तिला, तुझं ऐकंल. ह्या पोरीनं एका शब्दानं उलट इचारलं न्हाई. जिवापाड आवडणारं पळणं माझ्या नवसापायी सोडलं."

"नवस?" क्रांती म्हणाली.

"व्हय की. वीरूनं सांगितलं न्हवं तुला?"

वीरधवल पाट उचलत होता. तो पाट हातात धरून तसाच थांबला. क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं. मैदानाच्या कडेला उभं राहून तोंडावर खरं सांगणारा तो, आज खाली बघत होता.

"डॉक्टरीणबाईंचा फोन आलाच न्हवता?"

त्यानं पाट खाली ठेवला.

"बाळाची वाढ कमी न्हाई?"

"न्हाई," तो पुटपुटला. "दोघंबी बरी हायत. आई रोज फोनवर रडत हुती गं. नवसाचं सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून..."

शालूबाईचं तोंड उतरलं. "अरं वीरू, मी पळू नगं म्हणले हुते! लेकराला धोका हाय म्हणून सांगाय कुणी सांगितलं तुला? पोरीला अंथरुणाला खिळवलंस?"

संताप असा उसळला, की क्रांतीला वाटलं फुलांच्या माळा तोडून त्याच्या तोंडावर फेकाव्या. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आत्ती, तुमी मला नवसाचं बोलला असता तर मी पाळला असता. तुमचं एक लेकरू गेलंय, ते काय मला कळत न्हाई व्हय?" मग ती नवऱ्याकडं वळली. चारचौघांत त्याला 'आवं' म्हणणारी बाई आज मैदानावरच्यासारखी एकेरीवर आली. "आणि तू! ह्या पोटावर हात ठिवून मी रोज माफी मागितली. जे पाप केलंच न्हाई, त्याची. तुला तिकडं झोप कशी लागली रं?"



चंद्राबाईनं वेळ सावरायला घसा खाकरला. "बरं, ऱ्हाऊ दे आता. चांगल्या दिवशी वंगाळ नगं. पोरी, डोहाळं सांग बघू. काय आणू दे त्यानं?"

डोहाळे पुरवायचे असतात, ते नवऱ्याला मोडता येत नाहीत. वीरधवल घाईनं पुढं आला. "सांग क्रांती. म्हणशील ते आणतो. सांगलीस्नं आणतो, पुण्यास्नं आणतो."

क्रांती झोपाळ्याचा दोर धरून उठली. सुजलेले पाय तिनं एकेक करून जमिनीवर टेकवले आणि सासूचा हात धरला. "चला आत्ती, कालव्यापातुर चालून येऊ. पळत न्हाई, काळजी नगं. तुमचा नवस तुमच्यासाठी पाळते मी."

दोघी दारापर्यंत गेल्या. तिथं ती थांबली.

"घड्याळ आण मला," ती नवऱ्याला म्हणाली. "पळताना घालायचं. बाळंत झाल्यावर लागंल."