कुंकू नसलेली शिडी

त्या शिडीची आठवण निघाली की आजही माझी मलाच लाज वाटते.

मी तेव्हा पुलगाव भागात ठाणेदार होतो. नाचणगावच्या वाटेवरच्या एका जिनिंग कारखान्यात उंचावरच्या नळीत अडकलेला कापूस काढायला कामगार चढला आणि शिडीवरून पडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईपर्यंत जीव गेला. अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा मीच केला. भिंतीला ॲल्युमिनियमची धडधाकट शिडी टेकलेली होती. फोरमनने जबाब दिला, ‘दारू पिऊन चढला, तोल गेला.’ मी लिहून घेतलं आणि सही ठोकली.

चौथ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. तीही तिथंच कापसातला कचरा वेचायची.

‘सायेब, माया माणूस पेत नोता. पोरगी मोठी होईन, वाचीन. कागदावरची दारू खोडा.’

‘अहवाल येऊ द्या, बाई,’ मी ठरलेलं उत्तर दिलं.

ती हलली नाही. ‘अन् तो पडला थे शिडी तुमी पायली थे नाई. आमची लाकडाची होती. खांडेनवमीले म्याच तिले हळदकुंकू लावलं. तुमच्या शिडीवर हाये का कुंकू?’

मी चपापलो. जिनिंगमध्ये माणसाच्या भुवयांवरही कापसाची फुई बसते, आणि पंचनाम्यातली शिडी रुखवतातल्या भांड्यासारखी चकचकीत होती. ते मला दिसलं होतं, पण मी कुणाला विचारलं नव्हतं.

फोरमनला बोलावलं. खोटं बोलणारा घटनेबद्दलच्या प्रश्नांची तयारी करून येतो, म्हणून मी दसऱ्याचं काढलं.

‘पूजा कशाकशाची केली?’

तो खुलला. ‘सगळ्याचीच, साहेब. सरकी काढायचे रेचे, प्रेस, वजनकाटा, पाने-हातोडे, शिडी...’

‘मग शिडीवरचं कुंकू कुठं गेलं?’

‘पुसलं असन.’

‘बाकी सगळ्यांवरचं आहे. शिडीवरचंच तेवढं कसं पुसलं?’

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. जुन्या शिडीची एक पायरी दसऱ्याआधीच मोडली होती. कापसाची गठाण बांधायच्या पट्टीने ती आवळून काम चालू होतं. मेलेल्या माणसानेच दोनदा तक्रार केली होती. ‘मालक म्हने, सीझन निघू दे,’ फोरमन म्हणाला. अपघातानंतर लगेच नवी शिडी आणली आणि जुनीचे तुकडे केले.

पंचांसमक्ष सरकीच्या ढिगाखालून ते तुकडे काढले. पट्टी तुटलेली होती. दांड्यावर कुंकवाची बोटं होती. शवविच्छेदनात दारूचा अंशही निघाला नाही. मालक आणि फोरमन दोघांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला.

बाईला बोलावून नवा कागद वाचून दाखवला.

‘दारू नाई न त्यात?’

‘नाही.’

ती उठली आणि दारातून मागे वळली. ‘पट्टी बांधेल पायरी दिसली होती मले, सायेब. तिच्यावर बी हळद लावली. म्हनलं, सांभाळजो माया माणसाले.’

हत्याराची पूजा आपण मनापासून करतो आणि त्याच हातांनी त्याची मोडतोड झाकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

ती गेल्यावर मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो. आमच्या शिडीचा एक पाय आखूड होता, खाली वर्षानुवर्षे वीट लावलेली. हवालदार वर चढून फायली काढत होता. मी धावत जाऊन शिडी धरली. डोळ्यांसमोरच्या दांड्यावर कुंकवाचं बोट होतं. दसऱ्याला मीच लावलेलं.