बिशपच्या काठीला आतून आलेलं उत्तर

आत्मे, संकेत, भास... असल्या गप्पा रंगल्या की मी सरळ उठून जाते. बिशपची मुलगी असूनही! पप्पांनाही हे थोतांड खपत नसे. त्यामुळे वाचून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मी एक शब्दही मागे घेणार नाही.

पप्पा आधी पाचोऱ्याला मास्तर होते. मग शिंदखेड्याच्या छोट्या अँग्लिकन चर्चचे पाळक झाले, पुढे बिशप. ते बिशप असताना याच चर्चची जागा बिल्डरला विकायचा घाट चर्चच्या कमिटीने घातला. पप्पांनी सही केली नाही. कमिटीने तो राग शेवटपर्यंत धरला. मागच्या वर्षी जळगावला पप्पा वारले. शेवटची उपासना शिंदखेड्यालाच व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

भर दुपारी शवपेटी घेऊन पोचलो, तर चर्चच्या दाराला हे भलंमोठं कुलूप! कमिटीचे सेक्रेटरी थंडपणे म्हणाले, "चावी हरवली. धुळ्याला न्या."

माझं डोकंच फिरलं. पेटीवर पप्पांची बिशपची काठी ठेवली होती. नवा बिशप पहिल्यांदा येतो तेव्हा बंद दारावर या काठीने तीनदा ठोठावतो, मग आतली मंडळी दार उघडते. ती काठी वापरायचा हक्क दुसऱ्या कोणालाच नाही. मी उचलली. उपासनेसाठी आलेले पाळकसाहेब "अहो ताई..." म्हणेपर्यंत तीनदा ठोठावलंसुद्धा.

आणि आतून उत्तर आलं. ठक्. ठक्. ठक्.

सगळे गार. मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या अक्का दाराशी गेल्या, आत कोण आहे म्हणून अहिराणीत विचारलं. "मझार कोन शे?"

 मग सगळ्यांनी ऐकलंय हे बजावत त्या सेक्रेटरींकडे वळल्या. "भाऊ, बठ्ठासनी आयकं. आते तरी कुलूप उघाड!"

सेक्रेटरींनी खिशातून चावी काढली. हो, तीच हरवलेली! ती माझ्या हातात कोंबून ते मागे सरले; कुलूप मीच उघडलं.

आत कोणीही नव्हतं. मी बाकांखाली वाकून पाहिलं, वेदीमागे पाहिलं. मागच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज. उपासना तिथेच झाली. पुढच्या बाकावर बसून मी त्या दिवशी पहिल्यांदा मनसोक्त रडले.

प्रतिध्वनी असेल, उन्हाने लाकूड तडकलं असेल — सगळं स्वतःला सांगून पाहिलंय. पटत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

कमिटीवाले आता म्हणतात, आतून काही आवाजच आला नव्हता. ठीक आहे... मग चावी कशाला काढलीत?