आधी बैल सोडा

या, जरा जवळ बसा. बोलणार आहे मी आज, ऐकून घ्या. तात्या गेल्याचं कळलं तसे तुम्ही धावत आलात, अंगणात बसून डोळे पुसलेत, देवमाणूस गेला म्हणालात... आणि दारात तुमच्या गाड्यांचे बैल उन्हात, जुवाखाली तसेच उभे. एकालाही उठून त्यांना सोडावंसं वाटलं नाही. आत माझ्या भावाला शेवटची आंघोळ घालत होते आणि मी पदर खोचून तुमच्या बैलांची जू उतरवत होते. महिना होत आला, राग जात नाही.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा हळद-तेलानं मळायचा, ही आपली रीत. वर्षातून एकदा. तात्या रोज मळायचा. कारखान्यावर ऊस टाकून आला की आधी गोठा, मग भाकरी. तुम्ही पारावरून हाक द्यायचात, "काय तात्या, तुमच्यात रोजच पोळा हाय व्हय?" तो म्हणायचा, "वझं तरी कुठं वर्सातनं एकदा वढतोय त्यो?"

एकदा मी विचारलं, मुक्या जिवाचं तुला कसं कळतं रे? खांद्यावरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "त्यो मुका न्हाय, गंगे. हितं दाबलं की कातडी थरथरती, कान मागं जात्यात. समद्यास्नी कळतंय. पर कळलं म्हटलं की जू उतरावं लागतंय. म्हणून त्याला मुका म्हणायचं."

म्हणून तर संताप येतो. ज्याला कळतच नाही त्याच्यावर काय रागवायचं? तुम्हाला कळतं. पोळ्याला पुरणपोळी भरवून पाया पडता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुजल्या खांद्यावर उसाची गाडी.

परवा भाचा म्हणाला, "आत्या, हौश्या म्हातारा झाला. इंदापूरच्या बाजाराला नेतो." तात्याचा हौश्या. बाजारातून म्हातारा बैल कुठं जातो, ते मला सांगायला नको. मी म्हटलं, "ने. पण आधी त्याचा खांदा मळ, मग दावं सोड." तणतणत गेला गोठ्यात. सांज झाली होती. चाहूल लागताच हौश्यानं मान खाली घातली आणि खांदा पुढं केला... तात्यापुढं करायचा तसा. भाचा हात न लावताच माघारी आला. दावं अजून खुंट्यालाच आहे. पण बाजार दर आठवड्याला भरतो.

गोठ्याच्या कोनाड्यात तेलाची वाटी आहे. मी मळते, पण हातात आता जोर नाही. तेव्हा लवकर या एखाद्या सांजेला. तात्याबद्दल चांगलं बोलायला नको, बाह्या वर सारून या. आणि गाडीनं आलात तर आधी बैल सोडा, मगच मला हाक मारा.